विंडोवरचे एक नाव : जावास्क्रिप्ट बंडलिंगचा इतिहास आणि नोएडा

जावास्क्रिप्टमधला मोठा प्रकल्प लिहिताना शेकडो फाइलींत विभागलेला असतो, पण ब्राउझरकडे पाठवताना त्याची बहुधा मोजकीच गाठोडी केली जातात. या फाइलींना मॉड्यूल म्हणतात, त्या एकत्र बांधण्याच्या कामाला बंडलिंग आणि ते काम करणाऱ्या साधनाला बंडलर. बांधलेल्या गाठोड्यातल्या सुविधा बाहेरच्या कोडला वापरू द्यायच्या असतील, तर त्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. ब्राउझरच्या 'विंडो' या ऑब्जेक्टवर एक नाव नोंदवायचे आणि त्या नावामार्फत आतली फंक्शने उपलब्ध करून द्यायची. गेल्या तीस वर्षांत प्रोग्रामरांनी अशी नावे कमी करण्याचा सतत प्रयत्न केला. हजारो नावे गेली, तरी प्रत्येक गाठोड्यामागे एखादे नाव टिकून राहिले. ते का टिकले, हे नोएडा, दिल्ली आणि मुंबईतल्या कंपन्यांच्या कोडमध्ये स्पष्ट दिसते.

नोएडाची पार्श्वभूमी

नवीन ओखला औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना १७ एप्रिल १९७६ रोजी उत्तर प्रदेशच्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली झाली आणि त्या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे हेच शहराचे नाव ठरले. यमुना आणि हिंडन या नद्यांमधल्या गावांच्या जमिनीवर सेक्टर पाडले गेले, ते मुख्यतः लहान कारखान्यांसाठी. १९८५ मध्ये येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले. प्राधिकरणाच्या स्थापनेच्याच वर्षी, १९७६ मध्ये, शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या एचसीएलचा पसाराही पुढे नोएडातच वाढला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अडोबीने आपले भारतातील विकास केंद्र येथे उघडले. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमची मालक कंपनी इन्फो एज नोएडातूनच चालते आणि पेटीएमची मालक कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स हिचे मुख्यालयही येथेच आहे. प्रोग्रामिंगच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्यांच्या तोंडी असलेली गीक्सफॉरगीक्स ही कंपनीही नोएडाचीच. कारखान्यांसाठी आखलेल्या सेक्टरांमध्ये वेबपाने तयार करणे हा एक मोठा धंदा होऊन बसला.

एकाच अवकाशातली सगळी नावे

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. फॉर्ममधली रिकामी चौकट दाखवून देणे किंवा बटणाचे चित्र बदलणे एवढ्या लहान कामांसाठी ही भाषा होती. त्यामुळे एक फाइल दुसऱ्या फाइलीतला भाग मागवू शकेल अशी सोय तिच्यात ठेवलेली नव्हती. पानावर दहा स्क्रिप्ट टॅग असले, तरी त्या दहाही फाइलींचे वरच्या पातळीवरचे कोड एकाच ग्लोबल अवकाशात चालत असे. एका फाइलीत 'इनिट' नावाचे फंक्शन असले आणि नंतर येणाऱ्या फाइलीतही त्याच नावाचे असले, तर नंतरचे आधीच्याला मुकाट्याने पुसून टाकत असे. ब्राउझर कोणतीही त्रुटी दाखवत नसे.

दुसरी अडचण क्रमाची होती. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे कोडमध्ये कुठेही लिहिलेले नसे. ते केवळ एचटीएमएलमधल्या टॅगांच्या क्रमावरून ठरे. पानावर वीस-तीस टॅग झाले की एखादी ओळ वर-खाली झाल्याने सगळे पान बंद पडू शकत असे. एका संघाने लिहिलेला प्रकल्प दुसऱ्या संघाकडे देखभालीसाठी येतो अशा सेवा-उद्योगात ही अलिखित माहिती हातोहात पोहोचवणे विशेष अवघड होते.

या अडचणीवर भाषेच्या पातळीवरच उपाय करण्याचा एक प्रयत्न फसला. जावास्क्रिप्टचे प्रमाण असलेल्या ईसीएमएस्क्रिप्टच्या चौथ्या आवृत्तीत पॅकेज आणि नेमस्पेस यांची तरतूद योजलेली होती. फ्लॅशमध्ये २००६ साली आलेली अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ ही भाषा याच मसुद्यावर उभी होती. तिच्यात अनेक फाइलींतले क्लास आयात करता येत आणि कंपायलर त्या सर्वांची मिळून एक एसडब्ल्यूएफ फाइल करत असे. मॅक्रोमीडिया विकत घेतल्याने फ्लॅश तोवर अडोबीकडे आले होते आणि अडोबी या मसुद्याच्या बाजूने होती. प्रमाण ठरवणाऱ्या समितीत मात्र एकमत झाले नाही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती सोडून देण्यात आली आणि जावास्क्रिप्टला स्वतःची मॉड्यूल मिळायला आणखी सात वर्षे गेली.

नेमस्पेस आणि लगेच चालणारे फंक्शन

भाषेची वाट न पाहता प्रोग्रामरांनी दोन युक्त्या रूढ केल्या. पहिली नेमस्पेसची. याहूने फेब्रुवारी २००६ मध्ये खुल्या केलेल्या आपल्या लायब्ररीत 'याहू' हे एकच ग्लोबल नाव ठेवले आणि बाकी सगळे त्याच्या पोटात, टिंबाटिंबाने जोडलेल्या शाखांमध्ये मांडले. दुसरी युक्ती फंक्शनची. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आत घोषित केलेले व्हेरिएबल बाहेर दिसत नाही. म्हणून सगळे कोड एका निनावी फंक्शनात घालायचे, ते लगेच चालवायचे आणि जे बाहेर दाखवायचे तेवढेच परत करायचे. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या लेखनातून ही रचना 'मॉड्यूल पॅटर्न' म्हणून पसरली. पुढे २०१० मध्ये बेन अल्मन यांनी अशा फंक्शनला दिलेले 'आयआयएफई' हे आद्याक्षरी नाव मुलाखतींच्या प्रश्नांत कायमचे बसले.

जॉन रेसिग यांची २००६ मधली जेक्वेरी लायब्ररी ही या दोन्ही युक्त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण होय. तिची हजारो ओळींची फाइल एका फंक्शनात गुंडाळलेली असे आणि बाहेर दोनच नावे येत : 'जेक्वेरी' आणि डॉलरचे चिन्ह. हेच चिन्ह प्रोटोटाइप ही २००५ मधली लायब्ररीही वापरत होती. दोन्ही एकाच पानावर आल्या की भांडण ठरलेले. त्यावर तोडगा म्हणून जेक्वेरीने 'नोकॉन्फ्लिक्ट' हे फंक्शन दिले. ते चालवले की डॉलर आधीच्या मालकाकडे परत जाई. ग्लोबल नाव ही सामाईक मालमत्ता आहे आणि ती वापरताना तडजोड करावी लागते, हे यातून सर्वांच्या लक्षात आले.

फाइली जोडण्याचे कारण : वेग

फाइली एकत्र करण्याची प्रथा सुरुवातीला मॉड्यूलांसाठी पडली नाही. तिचे कारण वेग हे होते. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्त्या एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या उघडत, त्यामुळे तीस फाइली असल्या तर त्या रांगेत थांबत. स्टीव्ह सॉडर्स यांनी २००७ मधल्या आपल्या पुस्तकात पान वेगवान करण्याचा पहिला नियम म्हणून सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्या कमी करायला सांगितले. भारतात हा नियम अधिकच लागू होता. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरवला होता. या वेगाने २०० किलोबाइटची स्क्रिप्ट उतरायला सहा सेकंदांहून अधिक लागतात.

म्हणून प्रकल्पाच्या बिल्डमध्ये दोन पायऱ्या आल्या. एक, सर्व फाइली क्रमाने एकापुढे एक जोडणे. दोन, त्यातली मोकळी जागा व टिपा काढणे आणि आतल्या व्हेरिएबलांची नावे एका-दोन अक्षरांवर आणणे. दुसऱ्या पायरीतली मोकळी जागा व टिपा काढण्यासाठी क्रॉकफर्ड यांचे जेएसमिन होते. २००७ मध्ये याहूचा वायूआय कॉम्प्रेसर आला, २००९ मध्ये गूगलचा क्लोजर कंपायलर आणि २०१० मध्ये अग्लिफाय. यांतली वायूआय आणि क्लोजर ही साधने जावात लिहिलेली होती, त्यामुळे जावाच्या प्रकल्पांच्या अँट या बिल्ड-साधनात ती सहज बसत. मात्र या सगळ्यात क्रम माणसालाच ठरवावा लागे. कोणती फाइल कोणाला लागते हे साधनाला कळत नव्हते.

रिक्वायर आणि अवलंबनाचा आलेख

जानेवारी २००९ मध्ये केव्हिन डँगूर यांच्या पुढाकाराने सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टसाठी एक गट जमला. त्याच वर्षी तो कॉमनजेएस या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या पद्धतीत प्रत्येक फाइल म्हणजे स्वतंत्र मॉड्यूल. दुसरे मॉड्यूल हवे असेल तर 'रिक्वायर' म्हणून मागवायचे आणि बाहेर द्यायचे ते 'एक्सपोर्ट्स'वर ठेवायचे. रायन डाल यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत सादर केलेल्या नोड डॉट जेएसने हीच पद्धत उचलली आणि २०१० मध्ये एनपीएम हा पॅकेजांचा साठा सुरू झाला.

सर्व्हरवर फाइल डिस्कवरून लगेच मिळते. ब्राउझरमध्ये ती जाळ्यावरून यायची वाट पाहावी लागते आणि तेवढा वेळ पान थांबवता येत नाही. यावर दोन वेगळे मार्ग निघाले. जेम्स बर्क यांच्या रिक्वायरजेएसने 'डिफाइन' या फंक्शनने मॉड्यूल नोंदवण्याची एएमडी पद्धत रूढ केली. तिच्यात लागणारी मॉड्यूल आधी मागवली जात आणि ती आल्यावर आपले कोड चाले. जेम्स हॅलिडे यांच्या २०११ मधल्या ब्राउझरिफायने उलटा विचार केला. सगळी मॉड्यूल विकसकाच्या संगणकावरच शोधायची आणि एका फाइलीत बांधून पाठवायची.

ब्राउझरिफाय, आणि २०१२ मध्ये टोबियास कॉपर्स यांनी सुरू केलेले वेबपॅक, ही साधने आधीच्या जोडणीपेक्षा मुळातून वेगळी होती. ती सुरुवातीच्या फाइलीपासून निघून प्रत्येक 'रिक्वायर' वाचत आणि कोण कोणावर अवलंबून आहे याचा आलेख तयार करत. मग प्रत्येक मॉड्यूल एका फंक्शनात गुंडाळून त्याला क्रमांक देत आणि वर एक छोटासा लोडर ठेवत. तो क्रमांकावरून मॉड्यूल चालवी आणि निकाल साठवून ठेवी. टॅगांचा क्रम सांभाळण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. फंक्शनचे वेष्टन मात्र मॉड्यूल पॅटर्नमधलेच राहिले. फरक एवढाच की ते आता हाताने लिहावे लागत नव्हते.

गाठोड्याला बाहेरचे नाव

ज्याचे सगळे पान एकाच बंडलरातून जाते त्याला ग्लोबल नावाची गरज पडत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याचे तसे नसते. तिचा एक वापरकर्ता नोडमध्ये असतो, दुसरा रिक्वायरजेएस वापरतो आणि तिसरा नुसता स्क्रिप्ट टॅग लावतो. या तिघांसाठी यूएमडी हा साचा तयार झाला. फाइलीच्या सुरुवातीच्या काही ओळी 'डिफाइन' आहे का ते पाहतात, नसेल तर 'मॉड्यूल डॉट एक्सपोर्ट्स' तपासतात आणि तेही नसेल तर विंडोवर नाव ठेवतात.

पुढे प्रत्येक साधनाने ही सोय आपल्यात घेतली. ब्राउझरिफायला 'स्टँडअलोन' हा पर्याय देऊन नाव सांगितले की तेच ग्लोबल होते. वेबपॅकमध्ये 'लायब्ररी' या मांडणीत नाव आणि प्रकार लिहितात. स्क्वेअर कंपनीच्या ईएस६ मॉड्यूल ट्रान्सपायलरमध्ये 'ग्लोबल्स' हा स्वतंत्र प्रकारच होता. रिच हॅरिस यांच्या २०१५ मधल्या रोलअपमध्ये 'आयआयएफई' हा निर्गमाचा प्रकार निवडून नाव द्यावे लागते. २०२० मध्ये इव्हान वॉलेस यांनी आणलेल्या ईएसबिल्डमध्ये 'ग्लोबल-नेम' आहे. उलट दिशेची सोयही तितकीच महत्त्वाची ठरली. पानावर रिअ‍ॅक्ट किंवा जेक्वेरी यांसारखी लायब्ररी आधीच असेल, तर ती गाठोड्यात पुन्हा भरायची नाही. अमुक आयात म्हणजे तमुक ग्लोबल, असे साधनाला सांगायचे.

ईएस६ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जून २०१५ च्या ईसीएमएस्क्रिप्ट आवृत्तीत आयात-निर्यात भाषेचाच भाग झाली, तेव्हा या रूपांतरात नवा पेच आला. नव्या मॉड्यूलातून एक 'डिफॉल्ट' आणि शिवाय कितीही नामांकित गोष्टी निर्यात करता येतात, पण ग्लोबल नावामागे एकच वस्तू असते. नवे जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणाऱ्या बॅबेल या साधनाच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत एकटी डिफॉल्ट निर्यात थेट त्या नावावर बसत असे. ऑक्टोबर २०१५ मधल्या सहाव्या आवृत्तीने ही सवलत काढली आणि लायब्ररीच्या नावापुढे टिंब देऊन 'डिफॉल्ट' लिहिण्याची वेळ वापरणाऱ्यांवर आली. स्क्रिप्ट टॅग लावला, नाव दिसते, पण फंक्शन चालत नाही, ही तक्रार त्या काळात नेहमीची होती.

रोलअपने वेष्टनाची पद्धतही बदलली. मॉड्यूलभोवती वेगवेगळी फंक्शने न घालता सगळे कोड एकाच अवकाशात आणायचे, जुळणारी नावे बदलायची आणि न वापरलेले भाग गाळून टाकायचे, ही तिची रीत. या गाळण्याला ट्री-शेकिंग म्हणतात. २०१७ मध्ये वेबपॅकच्या तिसऱ्या आवृत्तीनेही मॉड्यूल एकत्र सपाट करण्याचा मार्ग स्वीकारला.

पेटीएमचे चेकआउट

नोएडातल्या पेटीएमची जेएस चेकआउट ही सेवा म्हणजे या सगळ्या इतिहासाचे चालू उदाहरण. विक्रेत्याचा सर्व्हर आधी पेटीएमकडून त्या व्यवहारापुरते टोकन घेतो. मग विक्रेत्याच्या पानावर पेटीएमच्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट लावली जाते. तिच्या पत्त्यातच विक्रेत्याचा ओळख-क्रमांक असतो. स्क्रिप्ट चालली की विंडोवर 'पेटीएम' हे नाव येते आणि त्याखाली 'चेकआउटजेएस' हे ऑब्जेक्ट. विक्रेत्याचे कोड 'ऑनलोड'ला फंक्शन देऊन तयारीची वाट पाहते, ऑर्डर क्रमांक, टोकन आणि रक्कम घालून 'इनिट' चालवते आणि शेवटी 'इन्व्होक' म्हटल्यावर पैसे भरण्याची खिडकी उघडते.

एनपीएमवरून मॉड्यूल आयात करण्याऐवजी येथे ग्लोबल नावच का वापरले जाते, याची कारणे धंद्यात आहेत. पहिले, विक्रेत्याचे पान कशाने बांधले आहे हे पेटीएमला माहीत नसते. ते वूकॉमर्स किंवा मजेन्टो या ऑनलाइन दुकानांच्या प्रणालींवर असेल, हाताने लिहिलेल्या पीएचपीत असेल किंवा रिअ‍ॅक्टमध्ये असेल. या सर्वांना समान असलेली जागा एकच आणि ती म्हणजे विंडो. दुसरे, विक्रेत्याने लायब्ररी आपल्या गाठोड्यात बांधून घेतली तर तिची जुनी प्रत वर्षानुवर्षे तशीच राहते. बँकांचे नियम किंवा सुरक्षेचे तपशील बदलले की सुधारणा सर्वत्र एकाच दिवशी पोहोचावी लागते. आणि ती पोहोचवायची तर फाइल पैसे घेणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर हवी.

बंगळुरूच्या रेझरपेची स्क्रिप्टही याच कारणाने 'रेझरपे' हे नाव विंडोवर ठेवते. अमेरिकेच्या स्ट्राइपने आधुनिक प्रकल्पांसाठी एनपीएमवर पॅकेज दिले आहे, पण ते पॅकेजसुद्धा पानात स्क्रिप्ट टॅग घालते आणि ती उतरल्यावर विंडोवरच्या 'स्ट्राइप' या नावातूनच घडवलेले ऑब्जेक्ट परत देते. आयात करणाऱ्याला मॉड्यूल दिसते, तळाशी ग्लोबल असते.

मोजमाप आणि विपणनाच्या सेवांचेही असेच आहे. दिल्लीतल्या विंगिफाय या पारस चोप्रा यांनी सुरू केलेल्या कंपनीची व्हीडब्ल्यूओ ही सेवा पानाच्या दोन रूपांची तुलना करून देते. तिचे कोड विंडोवर अधोरेषेने सुरू होणारे नाव वापरते. दुसऱ्या कोणाचे तेच नाव असण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या क्लेव्हरटॅपने दुसरी अडचण सोडवलेली दिसते. मुख्य फाइल उतरण्याआधीच पानावर 'क्लेव्हरटॅप' नावाचे साधे ऑब्जेक्ट तयार होते आणि त्यात रिकाम्या याद्या असतात. पानाचे कोड घटना त्या यादीत टाकत राहते. खरी लायब्ररी आली की यादीतले सगळे उचलून पुढे पाठवते. फाइल केव्हा पोहोचेल याची खात्री नसलेल्या मोबाइल जोडण्यांवर ही रांग फार उपयोगी पडते.

मराठी विकिपीडियातला बदल

मराठी वाचकाने ग्लोबलपासून मॉड्यूलकडे जाणारा प्रवास नकळत पाहिला तो विकिपीडियावर. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची पाने मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यातल्या जुन्या जावास्क्रिप्टमध्ये पानाचे नाव, भाषा, सदस्याचे नाव अशी प्रत्येक माहिती स्वतंत्र ग्लोबल व्हेरिएबलात असे. २०११ मध्ये आवृत्ती १.१७ बरोबर रिसोर्सलोडर आले. हवी ती मॉड्यूल सर्व्हर एकत्र करून, आकुंचित करून एका विनंतीत देऊ लागला. प्रत्येक मॉड्यूल फंक्शनात गुंडाळलेले असे आणि जुनी माहिती 'एमडब्ल्यू' या एका नावाखाली गेली. सदस्यांनी लिहिलेली गॅजेट मात्र जुनीच नावे वापरत होती. त्यामुळे मराठीसह सर्वच भाषांच्या विकिपीडियांत ती टप्प्याटप्प्याने बदलावी लागली.

तेथे देवनागरी टंकण्यासाठी वापरली जाणारी जेक्वेरी डॉट आयएमई ही लायब्ररीही याच घडणीची. मराठीच्या अक्षरांतरणाचे नियम आणि इनस्क्रिप्ट कळफलकाचे नियम वेगवेगळ्या फाइलींत आहेत. प्रत्येक फाइल लगेच चालणाऱ्या फंक्शनात आहे, तिला 'जेक्वेरी' हे ग्लोबल बाहेरून दिले जाते आणि ती आपले नियम मुख्य लायब्ररीकडे नोंदवते. निवडलेल्या पद्धतीचीच फाइल उतरते, बाकीच्या भाषांचा भार पानावर पडत नाही.

ब्राउझरांची स्वतःची मॉड्यूल

सफारीने मार्च २०१७ मध्ये, क्रोमने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणि फायरफॉक्सने मे २०१८ मध्ये मॉड्यूल थेट चालवायला सुरुवात केली. अशा स्क्रिप्टमधली वरच्या पातळीची नावे विंडोवर जात नाहीत. जुन्या ब्राउझरांसाठी 'नोमॉड्यूल' हा गुणधर्म देऊन दुसरे गाठोडे पाठवता येते. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार जून २०२२ मध्ये संपेपर्यंत अनेक सेवा-प्रकल्पांना ही दुहेरी बांधणी करावी लागली. नाव आणि पत्ता यांची जोडी लावणारे इम्पोर्ट मॅप क्रोममध्ये २०२१ साली आले आणि मार्च २०२३ पर्यंत तिन्ही मोठ्या ब्राउझरांत पोहोचले.

मोठ्या लायब्ररींनी याच सुमारास जुनी वाट सोडायला सुरुवात केली. मार्च २०२३ मधल्या टाइपस्क्रिप्ट भाषेच्या ५.० आवृत्तीच्या आधी तिचा कंपायलर नेमस्पेसमध्ये लिहिलेला होता आणि त्याचे कोड 'टीएस' या एका नावाखाली जोडले जाई. तो मॉड्यूलांत हलवून ईएसबिल्डने बांधल्यावर पॅकेज ६३.८ मेगाबाइटवरून ३७.४ वर आले. डिसेंबर २०२४ मधल्या रिअ‍ॅक्ट १९ ने यूएमडी बांधणी देणे बंद केले. आता नुसता स्क्रिप्ट टॅग लावून 'रिअ‍ॅक्ट' हे नाव मिळत नाही. ज्याला बंडलर नको आहे त्याने ती मॉड्यूल म्हणून आयात करावी, अशी अपेक्षा आहे.

लायब्ररी आणि ती वापरणारा एकाच बिल्डमध्ये असतात तेथून ग्लोबल व्हेरिएबल अशा रीतीने जवळजवळ हद्दपार झाले आहे. जेथे एकाचे बांधलेले कोड दुसऱ्याच्या अनोळखी पानावर चालवायचे असते, म्हणजे पैसे भरण्याच्या खिडक्या, मोजमापाच्या सेवा, नकाशे, गप्पांच्या चौकटी, तेथे ते टिकून आहे. या नावाचे तोटेही जुनेच आहेत. पानावरची कोणतीही स्क्रिप्ट ते बदलू शकते, दोन आवृत्त्या आल्या तर नंतरची जिंकते आणि आतल्या माहितीचे संरक्षण नाव करत नाही. म्हणूनच स्ट्राइप कार्डाची चौकट वेगळ्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये ठेवते आणि विंडोवरच्या नावाकडे ती उघडण्याचे कामच ठेवते. १९९५ मध्ये वरच्या पातळीवरचे प्रत्येक व्हेरिएबल ग्लोबल होते, कारण दुसरी सोय नव्हती. आज गाठोड्यातली शेकडो मॉड्यूल झाकलेली असतात आणि बाहेर ठेवलेले एकुलते नाव दोन कंपन्यांच्या कोडमधला करार म्हणून जाणीवपूर्वक निवडले जाते.